वारांची पैज

ठाण्यात मी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी अप्पांकडे जेवत असे. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी तात्यांकडे. रविवारी मी माझा. वार लावून जेवणे म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना समजावून द्यावे लागते, म्हणून सांगतो. आपल्या गावात इंग्रजी शाळा नाही, शाळेच्या गावी नातलग नाही आणि खाणावळीत जायची ऐपत नाही, अशा मुलाने शाळेच्या गावी घरोघर जाऊन विचारायचे, "एखादा वार मिळेल का?" ज्या घरी मिळेल तिथे त्या वारी सकाळच्या पंगतीला पाटावर बसायचे. माझे वडील डोंबिवलीस भिक्षुकी करीत. डोंबिवली तेव्हा भाताची खाचरे, गवताच्या गंज्या आणि खाडीवरचे वारे एवढ्यावर चालणारे खेडे होते. आज तिथे मुंबईचे लोक बिऱ्हाडासाठी जागा शोधतात, हे वडिलांना सांगितले असते तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. त्यांनी मला ठाण्याच्या शाळेत घातले, तलावाकाठच्या रामाच्या देवळाच्या पडवीत माझी वळकटी ठेवली आणि मला घेऊन शेजारच्या गल्लीत शिरले. पहिल्या दोन घरांतच सहा वार भरले. वडिलांचे डोळे पाणावले. म्हणाले, "रविवारचे पोहे घरून पाठवीन. बाकीचा आठवडा रामाने पाहिला."

रामाने पाहिला हे खरेच; पण त्याने आमच्या जातीच्या मुलांचाच पाहिला, हे मोठेपणी उमगले. माझ्या बाकावर बसणारा पास्कू हा कोपरीच्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा माझ्याइतकाच गरीब होता. त्याला कोणी वार दिला नसता, आणि त्याने मागितलाही नसता. तो रोज खाडीच्या बाजूने चिखल तुडवीत यायचा आणि मला म्हणायचा, "तुजं बरा हाय. रोज नवीन जावई."

अप्पा आणि तात्या ही दोन घरे समोरासमोर होती, मध्ये एक विहीर. अप्पा कोर्टात कारकून. त्यांच्या घरी सगळे वेळेवर आणि रीतसर. पाटावर बसताच माई, म्हणजे अप्पांच्या पत्नी, पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी अशा क्रमाने वाढीत, आणि अप्पा जेवताना सुद्धा एखाद्या फिर्यादीची हकीकत सांगावी तशी आमटीची हकीकत सांगत. माईंच्या आमटीला आमसुलाचा आंबटपणा असे आणि गुळाचा खडा असे, आणि ती फोडणीत पडली की वास विहिरीपर्यंत येई. तात्या वैद्य. त्यांच्या घरात पहाटेपासून खलबत्त्याचा ठक्‌ठक्‌ आवाज चाले, आणि काकूंच्या, म्हणजे तात्यांच्या पत्नीच्या, स्वयंपाकातही थोडे औषध उतरलेले असे. ताकात सुंठ, भाजीत ओवा, वरणात हिंग एवढा की शेजारच्या मांजरालाही पचन सुधारल्यासारखे वाटावे. दोन्ही घरच्या मुली सासरी गेलेल्या. दोन्ही घरांत संध्याकाळी काही बोलायला उरलेले नसे, म्हणून अप्पा आणि तात्या रोज दिवेलागणीपूर्वी एकमेकांच्या ओट्यावर बसून भांडत. विषय कुठलाही चाले. पाऊस, पेशवाई, एरंडेल.

जेवणाच्या बदल्यात माझ्याकडे काम एकच होते. अप्पा कचेरीतून शिळे इंग्रजी वर्तमानपत्र आणीत. ते मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. त्यातूनच आमच्या गल्लीत क्रिकेट शिरले. मुंबईस पारशी मंडळींचा गोऱ्या साहेबांशी सामना ठरला होता, आणि तो पाहायला म्हणे अर्धी मुंबई जायची होती. अप्पांना हा खेळ समजत नव्हता आणि तात्यांना तो समजून घ्यायचा नव्हता, पण दोघांची मते तयार झाली. अप्पांचे सगळे आयुष्य साहेबाच्या हाताखाली गेलेले. ते म्हणाले, "साहेबाने हरायचं ठरवलं तरच साहेब हरतो." तात्यांच्या चूर्णाने एका पारशी शेटजींची जुनाट पोटदुखी थांबली होती. ते म्हणाले, "ज्या माणसांचं पोट साफ आहे, ती कोणाला ऐकत नाहीत."

कल्याणच्या बाजारात तर या सामन्याने धुमाकूळ घातला होता. तिथले तांदळाचे दलाल पावसाळ्यात पावसावर सट्टा लावीत: संध्याकाळच्या आत अमक्या दुकानाच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही. ढग चढला की भाव उतरे, ऊन पडले की भाव चढे. तोच धंदा त्यांनी पारशांवर सुरू केला. पारशांचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. मुंबईहून गाडी आली की दलाल फलाटावर धावत आणि उतरेल त्याला विचारीत, "पारशी कसे आहेत?" एका रविवारी मी गावाहून वडिलांच्या कामासाठी कल्याणास उतरलो, तो त्यांच्यापैकी एकाने मलाच गाठले. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "बरे आहेत." मागे वळून पाहतो तो भाव चढला होता.

हे मी ओट्यावर सांगितले तेव्हा अप्पा आणि तात्या बऱ्याच दिवसांनी एकमताने बोलले. जुगार म्हणजे कुळाला काळिमा. पैसा लावणे हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे.

"पण तात्या," अप्पा थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्हाला एवढी खात्री आहे, तर काहीतरी लावून दाखवा. पैसा नको."

"लावतो की. काय लावू?"

अप्पांची नजर इकडेतिकडे फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मी वर्तमानपत्राची घडी घालत होतो.

"ह्याचे वार," अप्पा म्हणाले. "गोरे जिंकले तर माझे तीन वार तुमच्याकडे. पारशी जिंकले तर तुमचे तीन माझ्याकडे. हरेल त्याने पोराला सगळे दिवस जेवू घालायचं. यात जुगार नाही. हरणाऱ्याला उलट पुण्यच आहे."

"मान्य," तात्या म्हणाले. "सामना संपला की पुढच्या सोमवारपासून."

तिथल्या तिथे एक अख्खी सुपारी आणि तुळशीचे पान आणले गेले. सुपारीला पान लावून ती रामाच्या देवळाच्या पडवीत, माझ्या वळकटीच्या बरोबर वर असलेल्या कोनाड्यात, देवाच्या साक्षीने ठेवली. कल्याणच्या बाजारात निदान तांदळाचा भाव फुटण्याआधी पोते उघडून बघतात. मला कोणी काही विचारले नाही. त्या वर्षी मी मॅट्रिकला बसणार होतो. त्याआधी शाळा स्वतःची एक परीक्षा घेई आणि तीत उतरेल त्यालाच पुढे पाठवी. पोटात सकाळचे ताट असेल तर मला भूमिती येत असे, नसेल तर येत नसे, एवढे माझे स्वतःविषयीचे शास्त्रीय ज्ञान होते. म्हणून मी कोनाड्यातल्या सुपारीला रोज नमस्कार करून एवढेच मागे, की कोणीही जिंको, पण लवकर जिंको.

सामना श्रावणात झाला. पास्कूचा थोरला भाऊ इंजिनावर कोळसा घालायला होता. तो मुंबईहून येताना खबर आणी आणि पास्कू ती आमच्या गल्लीत आणी. पास्कू ओट्यावर चढत नसे. तो विहिरीपाशी उभा राही आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल असे ओरडे. पहिल्या दिवशी पारशी वर होते. तात्यांचा खलबत्ता त्या संध्याकाळी नाचत वाजला. दुसऱ्या दिवशी गोरे वर आले. अप्पांनी माईंना आमटीत जास्त गूळ घालायला लावला. शेवटच्या दिवशी शनिवार होता. दुपारपासून धो धो कोसळत होते. पास्कू डोक्यावर इरले घेऊन आला आणि विहिरीपाशी इरल्याचे पाणी झाडत राहिला.

"अरे, कोण जिंकलं?" अप्पा आणि तात्या एकदम ओरडले.

"कोनच नाय."

"कोणीच नाही म्हणजे?"

"पारशांचे दोनच गरी उरले. तवाच पाऊस परला. साहेब लोक तंबूत गेले. चा पिले. मंग घरा गेले."

माझा नातू हल्ली टेस्ट सामन्यांसाठी वेडा झाला आहे. सामना अनिर्णित राहिला की तो पायातले बूट भिरकावतो आणि म्हणतो, "आजोबा, एवढे दिवस खेळून काहीच नाही?" त्याला वाटते, त्याच्याइतके दुःख कोणाला झाले नसेल. मी हसतो. त्याला कुठे माहीत, त्या संध्याकाळी विहिरीपाशी चार माणसे उभी होती आणि या जगात न हरता न जिंकता खेळ संपू शकतो हे त्यांच्या वाट्याला प्रथमच आले होते. आम्हाला बैलांच्या शर्यती माहीत होत्या, कुस्त्या माहीत होत्या. बैल चहा पिऊन घरी गेल्याचे कोणी पाहिले नव्हते.

"तू इंग्रजी शिकतोस," अप्पा माझ्याकडे वळले. "नियम काय सांगतो?"

मी शाळेतल्या मास्तरांकडून ऐकले होते तेवढे सांगितले. "वेळ संपली आणि निकाल लागला नाही, तर हारही नाही आणि जीतही नाही, अप्पा."

"कोर्टात असं होत नाही," अप्पा म्हणाले. "निकाल नसेल तर पुढची तारीख पडते."

"तारीख कशाला?" तात्या म्हणाले. "पारश्यांना हरवायला साहेब आले. हरवता आलं नाही. म्हणजे साहेब हरले."

"वा! तुमच्या पारश्यांचे दोनच गडी उरले होते. पाऊस आला नसता तर दिवे लागायच्या आत आटोपले असते."

"अप्पा, नाडी चालू आहे तोवर रोगी गेला असं म्हणत नाहीत."

"श्वास मोजत पडलेल्या रोग्याला पैलवान पण म्हणत नाहीत."

असे ते बराच वेळ चालले आणि शेवटी दोघेही, आपण जिंकलो, असे जाहीर करून आपापल्या घरात गेले. कल्याणात काय झाले ते नंतर कळले. ज्यांनी पावसावर लावले होते त्यांचे साधले. ज्यांनी सामन्यावर लावले होते त्यांनी सगळे सौदे रद्द केले आणि एकत्र बसून कांद्याची भजी खाल्ली. जुगाऱ्यांकडे सौदा मोडायची रीत होती. आमच्या पुण्यवान पैजेत ती सोय कोणी ठेवली नव्हती.

सोमवारी सकाळी मी अंघोळ करून, पळीपंचपात्र घेऊन अप्पांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते.

"आज इकडे कसा?"

"सोमवार ना, अप्पा."

"सोमवार खरा. पण तात्या हरलेत. आजपासून सगळे वार तिकडे. जा, लाजू नकोस."

मी विहिरीला वळसा घालून तात्यांकडे गेलो. त्यांनी खलातले डोके वर न करता विचारले, "वाट चुकलास काय?"

"अप्पा म्हणाले..."

"अप्पा काय म्हणायचं ते म्हणोत. आज सोमवार म्हणून त्यांच्याकडे, आणि ते हरले म्हणूनही त्यांच्याकडे. दोन दोन कारणं असताना माणूस इकडे येतोच कसा?"

आता पान वाढणे म्हणजे हार कबूल करणे झाले होते. मी विहिरीपाशी उभा राहिलो. माईंच्या फोडणीचा वास एका बाजूने येत होता, काकूंच्या हिंगाचा दुसऱ्या. मग शाळेत गेलो. भूमितीच्या तासाला मला फळ्यावरचे काही दिसेना. मधल्या सुट्टीत पास्कूने खिशातून पेरू काढले आणि माझ्यापुढे धरले. "फळाला काय होत नाय," तो म्हणाला. "भटाला फल चालते. माज्या बापाला इचार." मी ते बियांसकट खाल्ले. आजही पेरू चिरला की मला पास्कूचा ओला सदरा आठवतो.

संध्याकाळी मी देवळाच्या पायरीवर डोके धरून बसलो होतो. मागच्या बाजूने माईंची हाक आली. त्या कधी हाक मारीत नसत. मी त्यांच्या परसदारी गेलो.

"ह्यांनी सांगितलंय, वाराचं पान वाढायचं नाही," माई म्हणाल्या. "त्यांचा शब्द मला मोडायचा नाही. पण आज श्रावणी सोमवार. बटूला जेवू घातल्याशिवाय उपास सोडायचा नाही असा माझा नेम आहे."

"कधीपासून, माई?"

"आज सकाळपासून. चल, बस."

पाट मांडला होता. पानावर साधा वरणभात नव्हता. तांदळाची खीर होती, पुऱ्या होत्या. अप्पा आतून आले, मला पाहून थबकले. "हा इथे?"

"हा तो नव्हे," माई शांतपणे तूप वाढीत म्हणाल्या. "तो वाराचा विद्यार्थी. हा बटू आहे."

कोर्टात जन्म गेलेल्या माणसाला हा भेद लगेच पटला. अप्पांनी मला बटू म्हणून नमस्कार सुद्धा केला. मी ओठावर मिसरूड फुटलेला बटू खाली मान घालून खीर ओरपत होतो.

दुसऱ्या दिवशी काकूंनी परसातून बोलावले. त्यांनी मुलीसाठी मंगळवारचा नवस बोलला होता. कधी, ते मी विचारले नाही. त्यानंतर मला कळले की श्रावणात देवाविना एकही वार नाही. बुधवारी बुध, गुरुवारी बृहस्पती, शुक्रवारी जिवती, शनिवारी मारुती आणि मुंजा, रविवारी राणूबाई. बायकांनी प्रत्येक देवाला माझ्या पोटाचा पत्ता दिला. दोघी विहिरीवर पाणी भरताना एकमेकींशी काही बोलत नसत, नुसत्या हसत. थोड्याच दिवसांत एकीचा सोमवार आणि दुसरीचा मंगळवार हा हिशेबही राहिला नाही. सकाळी एका घरी पुरण, संध्याकाळी दुसऱ्या घरी घावन. वाराच्या जेवणात दुसऱ्यांदा भात मागायला मला लाज वाटे. बटूला नको म्हणायची मुभा नव्हती. माझ्या बाराबंदीचे बंद एकमेकांना भेटेनासे झाले. युक्लिडच्या त्रिकोणात मला करंजी दिसू लागली. वर्गात पेंग येई. पास्कू माझ्याकडे बघून म्हणाला, "उपाशी मरत होता तेच बरा होता. निदान जागा तरी होता."

आणि गंमत अशी की या सगळ्याने गल्लीत शांतता नांदू लागली. अप्पा माझे गाल पाहत आणि मनात म्हणत, बटू म्हणून आपल्याकडे खातो ते दोन घास; एवढे अंग धरले आहे त्या अर्थी तात्यांनी निमूटपणे सगळे वार घेतले. तात्या माझे गाल पाहत आणि तेच अप्पांविषयी म्हणत. हरलेल्या माणसाला डिवचू नये म्हणून दोघेही एकमेकांशी फार मायेने बोलत. एकदा अप्पांनी तात्यांना स्वतः होऊन तपकीर दिली. तात्यांनी अप्पांच्या गुडघ्याला फुकट तेल दिले. ते दोघे इतके गोड वागताना मी आधी पाहिले नव्हते आणि मला त्याची मनातून भीती वाटत होती.

मग चतुर्थी आली. सकाळी माईंकडे मोदक. त्यांच्या मोदकांना पाकळ्या इतक्या नाजूक की दात लावायला जीव होत नसे, तरी लावला. दुपारी काकूंनी बोलावले.

"माईंकडे किती खाल्लेस?"

"मोजले नाहीत, काकू."

"मग इथेही मोजू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी वळकटीवरून उठू शकलो नाही. पोट नगाऱ्यासारखे झाले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. शाळेची परीक्षा त्याच आठवड्यात होती. मी रडलो. वडिलांना काय सांगणार होतो? की तुमचा मुलगा गरिबीने नापास झाला नाही, खाऊन नापास झाला?

पुजाऱ्याने निरोप दिला तसे तात्या लगबगीने आले, आणि त्यांच्या मागोमाग अप्पाही आले, कारण कोर्टात जाताना त्यांना कुणीतरी सांगितले होते. तात्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे मिटले. बराच वेळ नाडी पाहिली. मग एक डोळा उघडला.

"काय खाल्लंस?"

"मोदक."

"आमच्याकडे खाल्लेस ते मला ठाऊक आहे. तेवढ्याने ही नाडी होत नाही. ही एका घरच्या जेवणाची नाडी नव्हे. महिनाभराची साठवण आहे. आणखी कुठे जेवतोस?"

मी अप्पांकडे पाहिले. अप्पा छताकडे पाहू लागले.

"अप्पा!" तात्यांचा चेहरा फुलला. "मला वाटलंच होतं. सगळे वार तुम्हीच घेतलेत. हार मानायला मन मोठं लागतं, अप्पा."

"मी?" अप्पा भडकले. "मी वाराचं एक पान वाढलेलं नाही! आमच्याकडे हा फक्त बटू म्हणून येतो. वार तुम्ही चालवताय, सगळी गल्ली बघतेय!"

"आमच्याकडेही बटू म्हणूनच येतो!"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघेही माझ्याकडे वळले. मला खोटे बोलता येत नसे, आणि पोट एवढे दुखत असताना ते सुचलेही नसते. "दोन्हीकडे," मी म्हणालो. "रोज. दोन्हीकडे."

देवळाच्या पायऱ्यांवर केव्हापासून माई आणि काकू येऊन उभ्या होत्या. माईंच्या हातात गरम पाण्याचा तांब्या होता, काकूंच्या हातात ओवा.

"ह्या बायकांनी..." तात्यांनी सुरुवात केली.

"काय केलं बायकांनी?" काकू म्हणाल्या. "शब्द मोडला का तुमचा? वाराचं पान वाढलं का?"

"नाही, पण..."

"नाही ना? मग झालं तर."

माई पडवीत आल्या, पायांच्या बोटांवर उभ्या राहिल्या आणि कोनाड्यातली सुपारी काढली. तिला बुरशी धरली होती. तुळशीचे पान वाळून तिला चिकटले होते. माईंनी कनवटीच्या बटव्यातून अडकित्ता काढला, सुपारी पदराला पुसली आणि कट्‌ करून तिचे दोन तुकडे केले.

"हरेल त्याने जेवू घालायचं, अशीच होती ना पैज?" त्या म्हणाल्या. "दोन्ही घरांनी घातलं. दोघेही हरलात. घ्या, अर्धी अर्धी."

अप्पांनी तुकडा घेतला, पण कायद्याचा माणूस तसा ऐकतो थोडाच? "तसं असेल," ते म्हणाले, "तर माझे वार तात्यांकडे जातात, आणि तात्यांचे माझ्याकडे येतात."

"म्हणजे तीन गेले आणि तीन आले," काकू म्हणाल्या. "मग हलवायचे कशाला ते? माझ्या शनिवारच्या पिठल्याची त्याला सवय आहे."

तात्यांनी आपला तुकडा तोंडात टाकला. मग त्यांनी मला वैद्य म्हणून निकाल दिला: परीक्षेपर्यंत लंघन. आले, सैंधव, कोमट पाणी, बाकी काही नाही. असे दोन घरांत माझ्यासाठी पाट मांडलेला असताना मी अखेर उपाशीच राहिलो. परीक्षेच्या दिवशी सकाळी मात्र एका वाटीत मऊ भात आणि मेतकूट आले. तो गुरुवार होता, म्हणजे काकूंचा. माईंनी विहिरीपलीकडून नुसते विचारले, "खाल्लंस का?" आणि मी मान हलवली. त्या दिवशी त्रिकोण मला त्रिकोणासारखे दिसले.

मी मॅट्रिकला गेलो आणि पास झालो. पुढे शिष्यवृत्तीवर मुंबईस कॉलेजात शिकलो. मी शेवटच्या वर्षाला असताना तात्या वारले. बी. ए. चा निकाल कळला तसा मी आधी डोंबिवलीस जाऊन वडिलांच्या पाया पडलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ठाण्यास उतरलो. गल्लीत शिरलो आणि विहिरीपाशी माझे पाय थांबले. उजवीकडे अप्पांचे घर, डावीकडे काकूंचे. आधी कुठे जावे? त्या गल्लीत आधी आणि नंतर याला फार अर्थ होता. तात्यांच्या घरातून खलबत्त्याचा आवाज येत नव्हता, एवढे मला पहिल्यांदाच नीट ऐकू आले.

अप्पा झोपाळ्यावर होते. पेन्शनीत गेले होते, दृष्टी अधू झाली होती, पण त्यांनी मला चालण्यावरून ओळखले. निकाल ऐकून त्यांनी काही वेळ झोपाळा थांबवला.

"इकडे येऊ नकोस," ते म्हणाले. "आधी तिकडे जा. काकूंच्या पाया पड. आणि सांग, अप्पा म्हणतात, तो सामना पारशी जिंकले होते."

मी डावीकडे गेलो. काकू आतल्या खोलीत निवडणटिपण करत बसल्या होत्या. कोपऱ्यात तात्यांचा खल पालथा घालून ठेवला होता. मी पाया पडलो, निकाल सांगितला, आणि मग अप्पांचा निरोप शब्दशः सांगितला. काकूंनी सूप बाजूला ठेवले. पदराने डोळे पुसले. मग त्यांच्या तोंडावर ते विहिरीवरचे हसू आले.

"त्यांना म्हणावं, गेलेल्या माणसाची अशी समजूत घालू नये. हे असते तर लगेच म्हणाले असते, मग सगळे वार तुमच्याकडे." त्यांनी पदर सावरला. "आज वार कुठला रे?"

"बुधवार, काकू."

"बुधवार माईंचा. जा, तिने पाट मांडला असेल." मी उंबऱ्यापाशी पोचलो तोवर त्यांनी पुन्हा सूप हातात घेतले होते. "आणि उद्या गुरुवार आहे," त्या म्हणाल्या. "मुंबईची गाडी उद्या जेवून धर."